पेसमेकरला ॲप जोडलं, पण सही नक्की कशावर केली?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. वडील ७२ वर्षांचे, निफाडजवळच्या गावात राहतात, अजूनही बागेत जातात. आठ महिन्यांपूर्वी नाशिकला एका खासगी हॉस्पिटलात त्यांना पेसमेकर बसवला. मशीन ब्लूटूथचं आहे आणि त्याचं ॲप तुमच्या फोनवर टाकून दिलंय. संमतीपत्र इंग्रजीत होतं, घाईत सही तुम्ही केली. आता एक व्हिडिओ बघितला, त्यात म्हणे लांब बसून पेसमेकर हॅक करता येतो. तुम्ही विचारताय की हे आम्हाला आधी का सांगितलं नाही, आणि आता ब्लूटूथ बंद करून घ्यावं का. शेवटी बागेतल्या मोटारीबद्दलही विचारलंय, त्याकडे येतेच.

मी बायोमेडिकल इंजिनिअर आहे. बावीस वर्षं नाशिकच्या हॉस्पिटलांमध्ये मशिनं बसवणं, ती चालू ठेवणं आणि बिघडली की कंपनीच्या मागे लागणं हेच काम करते. डॉक्टर नाही, त्यामुळे बाबांच्या हृदयाचं जे काही असेल ते त्यांच्या डॉक्टरांनाच विचारा. मशीन आणि त्याचं कनेक्शन याबद्दल मात्र बोलते.

तुमच्या प्रश्नातल्या एका वाक्यावर मी अडकले, आणि ते हॅकरबद्दलचं नव्हतं. ॲप तुमच्या फोनवर आहे, तुम्ही कॉलेज रोडला राहता आणि बाबा निफाडला. ब्लूटूथ चालतं काही मीटर. म्हणजे तुम्ही गावी जाता तेवढे दिवस सोडले तर बाबांचा पेसमेकर कुणाशीच बोलत नाहीये. ठोके तो व्यवस्थित देतोय, त्यासाठी त्याला फोनची गरज नाही. पण ज्या रिमोट मॉनिटरिंगचं तुम्हाला कौतुक सांगितलं गेलं, ते बहुतेक सगळं बंदच आहे. हॉस्पिटलच्या संगणकावर ‘संपर्क तुटला’ अशी खूण कदाचित कधीपासून दिसत असेल, आणि ती रोज कोण बघतं हे तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही. ॲप आईच्या किंवा घरात कायम असणाऱ्या माणसाच्या फोनवर घ्या. स्मार्टफोन नसेल तर भिंतीच्या प्लगला लावायचं वेगळं यंत्र काही कंपन्या देतात. तुमच्या मॉडेलला ते मिळतं का, एवढं या आठवड्यात विचारा.

आता हॅकिंग. व्हिडिओ निव्वळ थाप नाही. २००८ मध्ये अमेरिकेतल्या विद्यापीठांमधल्या संशोधकांनी शॉक देणारं हृदययंत्र टेबलावर ठेवून, रेडिओच्या साधनांनी त्यातली माहिती वाचून दाखवली आणि त्याला शॉक द्यायलाही लावलं. अंतर होतं काही सेंटिमीटर. त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकेचे तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी यांचं यंत्र बदललं, तेव्हा त्यांच्या डॉक्टरांनी वायरलेस बंद करून घेतलं होतं. ही गोष्ट २०१३ मध्ये टीव्हीवरच्या मुलाखतीत बाहेर आली. त्यानंतर इन्शुलिन पंप, सलाइनमधून औषध सोडणारे पंप अशा बऱ्याच यंत्रांमध्ये भगदाडं सापडली. २०१९ मध्ये एका मोठ्या कंपनीच्या शॉक यंत्रांची रेडिओ भाषा तपासली, तर तिला ना कुलूप होतं ना समोरचा कोण आहे हे विचारण्याची सोय.

पण या शरीरात बसवलेल्या यंत्रांच्या सूचना काढताना अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, हेही नमूद केलं होतं की यामुळे रुग्णाला इजा झाल्याची एकही नोंद त्यांच्याकडे आलेली नाही. एखाद्या माणसामागे जवळपास फिरून, नेमकं मॉडेल ओळखून, त्याचंच यंत्र फोडायचं, हा उद्योग निफाडच्या शेतकऱ्यासाठी कोण करेल? चेनींचं भय वेगळं, बाबांचं वेगळं.

मला यापेक्षा महत्त्वाची वाटते ती २०१७ सालची गोष्ट. त्या जानेवारीत सेंट ज्यूड या पेसमेकर कंपनीच्या घरी ठेवायच्या ट्रान्समीटरमध्ये, म्हणजे पेसमेकरची माहिती पुढे पाठवणाऱ्या यंत्रात, दोष असल्याचं एफडीएने जाहीर केलं. त्या दोषातून आत शिरून यंत्राची बॅटरी लवकर संपवता आली असती किंवा चुकीचे ठोके, शॉक देता आले असते. कंपनीने दुरुस्ती काढली, आणि ती रुग्णापर्यंत पोहोचायची कशी, तर आपोआप. ट्रान्समीटर प्लगला लावलेला आणि नेटवर्कला जोडलेला असला की झालं. आता विचार करा, तीच बातमी ऐकून घाबरून कुणी ट्रान्समीटरचा प्लग काढून कपाटात टाकला असेल तर? त्याच्याकडे दुरुस्ती पोहोचलीच नाही. वर्षभराने बातमी विसरून त्याने तोच प्लग परत लावला, की जुनं भगदाड घेऊनच तो जोडला जाणार, दुरुस्ती उतरेपर्यंत का होईना.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, तोवर ती कंपनी ॲबटने घेतलेली होती, पेसमेकरच्या आतल्या सॉफ्टवेअरची दुरुस्ती आली. एकट्या अमेरिकेत सुमारे ४ लाख ६५ हजार पेसमेकर त्यात होते. ही दुरुस्ती घरबसल्या होत नव्हती. रुग्णाने दवाखान्यात जायचं, छातीवर प्रोग्रामरचा, म्हणजे पेसमेकरची सेटिंग बदलायच्या मशीनचा, कांडीसारखा भाग धरायचा आणि सुमारे तीन मिनिटं थांबायचं. तेवढा वेळ यंत्र राखीव पद्धतीवर, मिनिटाला ६७ ठोक्यांवर चालणार. कंपनीने आधीच्या अनुभवावरून जोखमीचे आकडे दिले होते. लाखात १६१ जणांचं अपडेट अर्धवट राहून जुनंच सॉफ्टवेअर परत येईल, २३ जणांच्या सेटिंग्ज पुसल्या जातील आणि ३ जणांचं यंत्र पूर्ण बंद पडू शकेल. जे रुग्ण पूर्णपणे पेसमेकरच्या ठोक्यांवर जगतात, त्यांचं अपडेट तात्पुरता पेसमेकर आणि बदली यंत्र हाताशी असेल अशाच ठिकाणी करण्याचा विचार करा, असा सल्ला होता. म्हणून यंत्र काढून दुसरं बसवा, असं मात्र कुणी म्हटलं नाही.

मला या आकड्यांचं कौतुक वाटतं. एका बाजूला कुणावर झालेलाच नाही असा हल्ला, दुसऱ्या बाजूला लाखात तिघांचं यंत्र बंद पडण्याची शक्यता, आणि निर्णय डॉक्टर आणि रुग्ण यांनी समोरासमोर बसून घ्यायचा. पेसमेकर बसवताना दिलेली संमती इथे पुरत नाही. त्या दिवशी हा धोका कुणाला माहीतच नव्हता. पेसमेकर आठ-दहा वर्षं छातीत राहतो आणि सॉफ्टवेअरचे दोष मधल्या कुठल्याही वर्षी निघतात. साध्या ऑपरेशनची जोखीम टाके सुटले की बहुतेक संपते, याची चालू राहते. आपल्याकडे मात्र संमतीपत्र म्हणजे ऑपरेशनच्या आदल्या रात्री स्टेशनरी दुकानातल्या फॉर्मसारखा पुढे सरकवायचा कागद.

आता सहीचं. कायद्यातली मी तज्ज्ञ नाही, पण हा निकाल हॉस्पिटलात काम करणाऱ्या प्रत्येकाने वाचलेला असायला हवा. २००८ चा सर्वोच्च न्यायालयाचा समीरा कोहली खटला. फक्त तपासणीसाठी भूल दिलेल्या बाईचं गर्भाशय आणि अंडाशय तिच्या आईची संमती घेऊन काढले होते. तातडीचा प्रसंग नव्हता, रुग्ण सज्ञान होती, तेव्हा आईची संमती चालत नाही, असं न्यायालयाने सांगितलं. तुमचे बाबा शुद्धीवर होते, समजदार होते, द्राक्षाचा भाव व्यापाऱ्याशी तेच ठरवतात. मग सही त्यांची हवी होती. ‘मुलगा शिकलेला आहे, त्याला द्या’ ही आपल्याकडची रीत आहे आणि त्यात कुणाचा वाईट हेतू नसतो, पण यंत्र ज्याच्या छातीत बसणार त्याला बाजूला ठेवून आपण निर्णय घेतो, हे खरं आहे.

याच निकालात तुमच्या पहिल्या प्रश्नाचंही अर्धं उत्तर आहे. उपचाराचं स्वरूप, हेतू, फायदे, पर्याय, मोठे धोके आणि उपचार नाकारला तर काय होईल, हे डॉक्टरांनी सांगायलाच हवं. पण फार दूरचे, निव्वळ कागदावरचे धोके सांगून रुग्णाला घाबरवण्याची गरज नाही. आवश्यक उपचारालाच त्याने नकार द्यावा अशी वेळ आणू नये, असा त्यामागचा विचार आहे. पेसमेकर हॅक करून माणूस मारणं आज या दूरच्या धोक्यांत बसतं. तेवढं सांगितलं नाही म्हणून मी डॉक्टरांना दोष देणार नाही.

बाकीचं मात्र दूरचं नाही, रोजचं आहे, आणि ते सांगितलं गेलं नाही याचा मला राग येतो. फोन जवळ नसला तर मॉनिटरिंग थांबतं, हे रोजचं. रात्री दोन वाजता ॲपने इशारा पाठवला तर तो बहुधा सकाळी कामाच्या वेळेतच बघितला जातो, ती ॲम्ब्युलन्स सेवा नाही, हेही रोजचं. माहिती कंपनीच्या सर्व्हरवर जाते आणि तो सर्व्हर बऱ्याचदा देशाबाहेर असतो. कधीतरी अपडेट येईल, त्यासाठी नाशिकला यावं लागेल, कदाचित त्याचीही थोडी जोखीम असेल. फोन जुना झाला तर ॲप त्यावर चालेनासं होईल. यातला एकही मुद्दा मी आजवर पाहिलेल्या छापील संमतीपत्रांत नव्हता. छातीवर चीर देण्याचे, जंतुसंसर्गाचे, वायर सरकण्याचे धोके मात्र ओळीने असतात.

न सांगितल्याने काय होतं त्याचं एक उदाहरण. त्र्यंबककडच्या एका आजोबांना तपासणीला आणलं होतं. मशीन उत्तम, रीडिंग उत्तम, आणि माणूस महिनाभर नीट झोपलेला नाही. सून बाहेर गेल्यावर हळूच म्हणाले, “मॅडम, रात्री लाइट गेली अन् मोबाइलची बॅटरी उतरली, तर मी बी जाईन का?” त्यांचा समज असा की हृदय फोनवर चालतं. रोज रात्री ते उठून चार्जिंग बघायचे. आमच्याकडे पाड्यांवर लाइट जाण्याचं काय वेळापत्रक असतं ते तुम्हाला माहीत आहेच. पेसमेकरची बॅटरी आत आहे, ती वर्षानुवर्षं चालते, फोन हा नुसता पोस्टमन आहे, हे एक वाक्य कुणी मराठीत बोललं असतं तर त्यांचा महिना वाचला असता.

मग ब्लूटूथ बंद करावं का? माझं मत: नको. घरचा ट्रान्समीटर किंवा ॲप हे माहिती वाचून पुढे पाठवण्यासाठी असतं. ठोक्यांची सेटिंग बदलण्याचं काम ओपीडीतल्या प्रोग्रामरवर होतं. हृदयाच्या लयीत बिघाड झाला, वायर खराब होऊ लागली, बॅटरी अपेक्षेपेक्षा लवकर उतरली, तर मॉनिटरिंगमुळे ते पुढच्या तपासणीआधी कळतं. गावाहून नाशिकच्या फेऱ्याही कमी होतात. न झालेल्या हल्ल्याच्या भीतीने हे सोडून देणं म्हणजे घूस लागेल म्हणून पाइपलाइनच न टाकण्यासारखं आहे. पण हे माझं मत. हाच फायदा-तोटा ऐकून बाबा म्हणाले, मला नको ते, मी दर सहा महिन्यांनी येऊन दाखवेन, तर तेही रास्त उत्तर आहे. डॉक्टरांना तसं सांगा आणि फाइलमध्ये लिहून घ्या.

माझी खरी झोप उडवतं ते छातीतलं यंत्र नव्हे, वॉर्डातलं. शहरातल्या एका मध्यम हॉस्पिटलात काही वर्षांपूर्वी रिसेप्शनच्या संगणकावर आलेल्या मेलमधून रॅन्समवेअर, म्हणजे संगणक कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर, शिरलं. बिलिंग, सीसीटीव्ही, एक्स-रे आणि आयसीयूतले मॉनिटर सगळे एकाच नेटवर्कवर, आणि राउटरचा पासवर्ड कंपनीतून आला तोच. आयसीयूचा मुख्य स्क्रीन गेला. खाटेजवळचे मॉनिटर चालू होते म्हणून निभावलं. सिस्टर दोन दिवस कागद घेऊन खाटेखाटेला फिरत होत्या. २०१७ च्या वॉनाक्राय या रॅन्समवेअरने इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेला असाच फटका दिला होता, हजारो अपॉइंटमेंट रद्द झाल्या. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर बंद पडले आणि बरेच दिवस केसपेपर हाताने लिहिले गेले. या हल्ल्यांना कुणा एका रुग्णाशी देणंघेणं नव्हतं. हात लागला तो ज्यांच्याकडे जुनं विंडोज, एकच नेटवर्क किंवा सगळ्यांना ठाऊक असलेला पासवर्ड होता त्यांना.

आणि हा धोका कुठल्याच संमतीपत्रात मावत नाही, मावूही नये. पेसमेकर घ्यायचा की नाही हे बाबा ठरवू शकतात. आयसीयूचं नेटवर्क वेगळं आहे का, हे ॲडमिट होताना कोण ठरवणार? ती हॉस्पिटलची जबाबदारी. ‘सायबर धोक्यांची मला कल्पना आहे’ अशी ओळ छापून रुग्णाची सही घ्यायची टूम उद्या निघाली, तर ती स्वतःची कातडी वाचवण्याची युक्ती समजा.

घरी भाड्याने मॉनिटर आणणाऱ्यांसाठी जाता जाता. जानेवारी २०२५ मध्ये एफडीएने कॉन्टेक सीएमएस ८००० या मॉनिटरबद्दल इशारा दिला. तो इंटरनेटला जोडला की रुग्णाची माहिती बाहेरच्या एका ठरावीक पत्त्यावर पाठवत होता आणि बाहेरच्याला गुपचूप आत शिरता येईल असं मागचं दारही त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये होतं. सल्ला अगदी साधा होता: नेटवर्कची वायर काढा, वायफाय बंद करा, नुसता खाटेजवळ वापरा. घरच्या खाटेजवळ बसून नाडी आणि ऑक्सिजन बघायला तसंही वायफाय लागत नाही, तेव्हा कुठल्याही कंपनीचा असला तरी जोडू नका.

आता तुमच्याकडून काय व्हायला हवं. पेसमेकरचं ओळखपत्र शोधा. मॉडेल आणि सिरियल नंबर त्यावर असतो. त्याचा फोटो आई, तुम्ही आणि बाबा यांच्या फोनमध्ये ठेवा, समाजमाध्यमांवर नको. पुढच्या तपासणीला बाबांना पुढे बसवा आणि त्यांच्यासमोरच विचारा: या मॉडेलवर काही सूचना किंवा अपडेट आलंय का, आलं तर आम्हाला कळवणार कोण, तुम्ही की कंपनी, आणि इशारे कोण, कधी बघतं. प्रोग्रामर बऱ्याचदा कंपनीचा माणूस चालवतो. त्याला विचारायला हरकत नाही, पण उत्तर डॉक्टरांकडून फाइलवर घ्या. संमतीपत्राची प्रत मागा. आणि ॲपमधल्या माहितीची सूचना मराठीत मागा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात इंग्रजी किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या कुठल्याही भाषेत ती मिळण्याची तरतूद आहे, त्यात मराठी येते, आणि दिलेली संमती परत घेण्याचीही सोय आहे. कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होताहेत, त्यामुळे काउंटरवरचा माणूस आज तुमच्याकडे चमत्कारिक नजरेने बघेल. बघू दे. यंत्र विचित्र वागलं तर डॉक्टरांना सांगाच, शिवाय भारतात २०१५ पासून वैद्यकीय उपकरणांच्या तक्रारींसाठी मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रम चालू आहे, तिथेही नोंद होऊ द्या.

‘पेसमेकर अपडेट करायचंय, ओटीपी सांगा’ असा फोन आला तर तो चोर आहे. पेसमेकरला ओटीपी लागत नाही. हे आईला आजच सांगून ठेवा. हॅकरच्या रेडिओपेक्षा असा फोन तुमच्या घरापर्यंत पोहोचण्याची शक्यता कितीतरी जास्त आहे.

बाबा फोन कुठे ठेवतात? शेतकरी माणूस, म्हणजे सदऱ्याच्या वरच्या खिशात, आणि पेसमेकर बहुधा त्याच बाजूला. काही नव्या फोनमध्ये जोरदार चुंबक असतात, आणि चुंबक जवळ आला की पेसमेकर वेगळ्या पद्धतीवर जाऊ शकतो. एफडीएने २०२१ मध्ये फोन आणि स्मार्टवॉच यंत्रापासून किमान १५ सेंटिमीटर लांब ठेवायला सांगितलं. फोन विजारीच्या खिशात ठेवा आणि बोलताना दुसऱ्या कानाला लावा.

राहिली मोटार. विहिरीवरच्या चालू मोटारीपासून आणि स्टार्टरपासून हातभर लांब राहायचं, वाकून छाती टेकवून काही करायचं नाही. बटण दाबून बाजूला व्हायला हरकत नाही. वेल्डिंगचं काम मात्र दुसऱ्या कुणाला तरी सांगा, आणि कुंपणाला झटका मशीन लावलं असेल तर त्यापासून त्यांना लांबच ठेवा.